फोटोतल्या प्लेटविषयी

चि. ओंकार,

फोटोत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दिसणारी जाड पोलादी चकती म्हणजे अ‍ॅडॅप्टर प्लेट. सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावर मालमोटारीच्या घराण्यातली, विशेषतः अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिने बोटींत बसवण्याची रीत जुनी आहे. गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा असला, की दोन्हींची भोके जुळत नाहीत. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोटी वर ओढलेल्या असतात. इंजिन उपसून माप घ्यायला तोच काळ सोयीचा. प्लेट कापायला लेथ आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग यंत्र) बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हाताशी आहेत. खरे कसब त्याआधीच्या मापात असते.

आधी पाहायचे ते इंजिनाचे फ्लायव्हील हाउसिंग, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीचे आवरण, प्रमाणित मापाचे आहे का. ते एसएई ३ या प्रमाणित मापाचे असेल, तर ४२८.६२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर १२ भोके असतात आणि शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांत ११०.९ मिलिमीटर अंतर भरते. ते जुळले, की बाकीची मापे तक्त्यातून घेता येतात.

मोटारीच्या अनेक इंजिनांची भोके मात्र अशी एका वर्तुळावर नसतात. स्टार्टर आणि ऑइल सम्पला वाट देत ती वेडीवाकडी पसरलेली असतात. तेव्हा क्रँकशाफ्टचे केंद्र शून्य धरून प्रत्येक भोक आडवे आणि उभे मोजावे लागते. आटे असलेल्या भोकाच्या कडेवर व्हर्निअर नीट टेकत नाही, म्हणून त्यात लेथवर केलेली पिन घट्ट पिळतात. दोन सारख्या पिनांचे बाहेरून बाहेर माप घेऊन त्यातून एका पिनेचा व्यास वजा केला, की केंद्रांतले अंतर मिळते. एकाच भोकाचे अंतर तीन ठिकाणांहून घ्यावे. पहिल्या दोन मापांतली चूक तिसरे माप पकडते. पुठ्ठा ठेवून हातोडीने कडा उमटवण्याची पद्धत चाचणीपुरतीच ठीक, कारण पालघरच्या पावसाळी हवेत पुठ्ठा फुगतो.

बोल्ट फक्त आवळून धरतात, त्यांच्या भोकांत थोडी मोकळीक असतेच. जागा ठरते ती दोन डॉवेल पिनांनी किंवा मधल्या बोअरने, म्हणून सर्वांत जपून मोजायची ती हीच मापे. इथे उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. ४०० मिलिमीटर लांबीचे अ‍ॅल्युमिनियम १५ अंशांनी तापले, तर पोलादी व्हर्निअरच्या तुलनेत सुमारे ०.०७ मिलिमीटर जास्त वाढते. इंजिन सावलीत थंड होऊ देऊन मगच मोजणे बरे.

प्लेट लागल्यावर फ्लायव्हीलवर डायल इंडिकेटर बसवून क्रँक हाताने पूर्ण फिरवतात आणि काटा बोअरच्या आतून चालवतात. काट्याच्या एकूण फरकाचा निम्मा भाग म्हणजे केंद्राचे सरकणे. मोटारीच्या कामात एकूण फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत ठेवतात. त्याहून जास्त आला, तर विकेंद्री डॉवेल घालून हाउसिंग सरकवता येते. हे टाळले, तर इनपुट शाफ्टची बेअरिंग आणि सील अकाली जातात.

राहिले माप जाडीचे, ते प्लेट चढवण्याआधीच घ्यायचे. प्लेट जास्त जाड झाली, तर शाफ्ट पायलट बेअरिंगपर्यंत पोचत नाही. पातळ झाली, तर तो क्रँकवर टेकून थ्रस्ट बेअरिंग खातो. दोन्ही बाजू समांतर हव्यात, म्हणून जाडी मायक्रोमीटरने चारही बाजूंना तपासूनच प्लेट चढवतात.

तुझा,
अण्णाकाका
बोईसर