हुंकार

गोष्ट सांगायला दोन माणसे लागतात. एक सांगणारा आणि दुसरा 'हूं' म्हणणारा. माझ्या मते ह्यातला दुसरा अधिक महत्त्वाचा. सांगणारा थोडा कच्चा असला तरी गोष्ट कशीबशी पुढे सरकते, पण हुंकार थांबला की आजी "झोपलास वाटतं?" असे विचारते आणि गोष्ट तिथेच मिटवून ठेवते. राजपुत्र बिचारा रात्रभर जंगलात अडकून पडतो. मी पोटासाठी मास्तरकी करतो आणि हौसेखातर कादंबऱ्या लिहितो. हुंकाराची किंमत ह्या दोन्ही उद्योगांत मला पुरेपूर कळलेली आहे.

भाषा कशा मरतात ह्याविषयी मिळेल ते वाचण्याचा नाद मला काही वर्षांपूर्वी लागला. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही, त्यामुळे भाषाशास्त्राच्या मोठ्या पोथ्यांत मी शिरत नाही. मी आपला त्यांतली माणसे शोधतो. जगात आज सुमारे ७,००० भाषा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा ह्या शतकात नाहीशा होतील, असे जाणकार म्हणतात. हा आकडा ऐकून मी मान डोलावली आणि विसरून गेलो. विसरता आला नाही तो एक बहिरा म्हातारा.

त्याचे नाव तुओने उदाइना. इटलीच्या समोर, आड्रियाटिक समुद्राच्या पलीकडल्या किनाऱ्याला क्र्क नावाचे बेट आहे. आज ते क्रोएशियात मोडते. (हे नाव उच्चारताना आमच्या वर्गाने चांगली दहा मिनिटे करमणूक करून घेतली.) त्या किनाऱ्यावर एके काळी डाल्मेशियन नावाची भाषा बोलत. लॅटिनची ही लेक, म्हणजे इटालियनची सख्खी बहीण. १८९७ साली बार्तोली नावाचा एक तरुण अभ्यासक तिचा माग काढत क्र्कला आला, तेव्हा तिच्या तिथल्या बोलीत चार वाक्ये बोलू शकेल असा हा एकच माणूस उरला होता. वयाने सत्तरी उलटलेली, कानाने बहिरा, तोंडात दात नाहीत, आणि जवळजवळ वीस वर्षांत ती भाषा तोंडातून काढलेली नाही. दात नसलेल्या माणसाकडून भाषेचे उच्चार टिपून घ्यायचे म्हणजे काय दिव्य असेल! पण बार्तोली चिकट निघाला. त्याने सुमारे २,८०० शब्द आणि म्हाताऱ्याच्या आयुष्यातल्या हकिकती उतरवून घेतल्या. पुढच्याच वर्षी, १० जून १८९८ रोजी, रस्त्याच्या कामावर सुरुंगाचा स्फोट होऊन उदाइना मेला. त्या दिवशी डाल्मेशियन मेली, असे पुस्तकांत लिहितात. बार्तोलीचा ग्रंथ १९०६ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत निघाला. त्याने इटालियनमध्ये लिहिलेली मूळ प्रत पुढे हरवली. काही गोष्टींच्या पाठीशी दैव हात धुऊन लागते ते असे.

पण माझे मन अडकले ते वेगळ्याच तपशिलात. उदाइनाशी ती भाषा लहानपणी कोणी मुद्दाम बोललेच नव्हते. घरची मोठी माणसे आपसांत बोलत, आजी बोले. ह्याने ते ऐकून उचलले. म्हणजे ज्याला आपण शेवटचा बोलणारा म्हणतो, तो खरे तर शेवटचा ऐकणारा होता. सुरुंग उडायच्या आधी सत्तर वर्षे, त्याच्या आईबापांनी ज्या दिवशी पोराशी दुसऱ्या भाषेत बोलायला सुरुवात केली, त्या दिवशीच खरी तिथी झाली. तिची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

आणि आईबापांनी तरी असे का करावे? कोणी तलवार घेऊन आले नव्हते. व्हेनिसची सत्ता क्र्कवर १७९७ पर्यंत होती. कचेरी आणि बाजार व्हेनिसच्या बोलीत चाले. शेतमळ्यातली माणसे क्रोएशियन बोलत. पोराने वर चढावे म्हणून एक भाषा, चार लोकांत मिसळावे म्हणून दुसरी. तिसरी उरली म्हाताऱ्यांच्या कुजबुजीपुरती. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला रागुसा नावाचे श्रीमंत नगर होते, आजचे दुब्रोवनिक. तिथेही ह्याच भाषेची एक बोली होती. ती मागे पडते आहे हे पाहून १४७२ साली तिथल्या सिनेटने ठरावच केला, की सभेतली भाषणे आपल्या जुन्या भाषेत व्हावीत, परवानगीवाचून स्लाव्ह भाषा बोलू नये. ठराव मंजूर झाला; भाषा गेली. सभासद घरी जाऊन आपल्या बायकामुलांशी काय बोलत होते, हे ठरावात कसे यावे? आपल्या मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले गेले आणि मीही दोन खाल्ले. पण तोंड गोड होत असताना मला रागुसाची आठवण झाली, हे लपवत नाही.

मी खारेपाटातला माणूस. आमच्याकडे खाडीचे खारे पाणी अडवायला शेताला बांध असतात, आणि बांध फुटला की 'खांड गेली' म्हणतात. परक्या माणसाला वाटते, उधाणाची मोठी लाट आली आणि बांध वाहून गेला. तसे क्वचितच होते. खेकडा बीळ पाडतो, बिळातून पाणी झिरपते, आतली माती सुटते, आणि मग एका रात्री सगळे बसते. शेतकरी म्हणून उधाणाकडे कमी आणि खेकड्यांच्या बिळांकडे जास्त लक्ष ठेवतो.

आमच्या घरचे बीळ मला रोज दिसते. माझी आई आगरी बोलीत बोलते. तिच्या तोंडी पाणी म्हणजे 'पानी' आणि शाळा म्हणजे 'साला'. शहरातून आलेले पाहुणे पहिल्या खेपेला दचकतात. मी तिच्याशी तिच्या बोलीत बोलतो, बायकोशी अर्धे बोलतो, वर्गात पुस्तकी बोलतो. माझी मुलगी आजीचे सगळे समजते आणि सगळ्याला छापील मराठीत उत्तर देते. आजी म्हणते, "पोरी, पानी दे गो," आणि नात म्हणते, "देते हं आजी." दोघींचे अगदी गुळपीठ आहे, भांडण कसलेच नाही. पण मध्यंतरी आई म्हणाली की भांगाचे दिवस आहेत, खाडीला पाणी चढायचे नाही. तर मुलगी आपल्या केसांतला भांग चाचपू लागली! अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर ओसरतो त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. घरात हसे झाले. हसता हसता मी मनाशी म्हटले, ही आमची उदाइना.

आता ह्यावर कोणी म्हणेल, मास्तर, आगरी ही मराठीचीच बोली. ती मराठीत विरली तर बिघडले कुठे? मलाही तसा मोठा शोक करायचा नाही. फक्त एवढेच, की भांग, उधाण, उघाडी, खांड हे शब्द जिथे राहतात तिथेच बांध कसा राखायचा ही अक्कलही राहते. छापील मराठीत त्यांना जागा आहे, पण राहायला कोणी येत नाही.

उलट नवलही आमच्या शेजारीच आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांच्या हवाली केले आणि ते निघून गेले. पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली एक निराळीच भाषा आजही घराघरांत बोलली जाते. बोलणारी माणसे हजारेक. राजा नाही, कचेरी नाही, वर्तमानपत्र नाही. त्यांचे सगळे व्यवहार मराठीत होतात, आणि घरात पाय ठेवला की पोरासोरांसकट सगळी आपल्या भाषेवर येतात. तिचीच एक बहीण केरळात कोचीला होती. ती बोलणारे शेवटचे गृहस्थ, विल्यम रोझारिओ, २० ऑगस्ट २०१० रोजी वारले. कोची केवढे बंदर आणि कोर्लई केवढेसे गाव! थोरल्या बहिणीचा वाडा बसला आणि धाकटीचे चंद्रमौळी घर अजून उभे आहे.

अर्थात सगळ्याच भाषा बिळातून जात नाहीत. काहींवर खरोखरीच उधाण आलेले आहे. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर उबिख लोक राहत. १८६४ साली रशियाने त्यांचा मुलूख जिंकला आणि ते जवळजवळ सगळेच्या सगळे तुर्कस्तानात गेले. तिथे गावोगाव विखुरले. त्यांच्या भाषेत ८४ व्यंजने आणि स्वर मात्र दोनच! 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत घोकून घेताना माझ्या घशाला कोरड पडते. उबिख मास्तरांचे काय होत असेल? तेवफिक एसेंच हा त्या भाषेचा शेवटचा माणूस. द्युमेझिल ह्या फ्रेंच पंडिताबरोबर बसून त्याने वर्षानुवर्षे आपली भाषा लिहवून घेतली. त्याला तीन मुलगे होते, आणि तिघांपैकी एकाशीही त्याला तीत बोलता येत नव्हते. ७ ऑक्टोबर १९९२ रोजी तो गेला. हाही लहानपणी आजी-आजोबांजवळ वाढलेला. शेवटच्या माणसांच्या हकिकती वाचताना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आढळली, की आईबापांची पिढी वगळून भाषा आजीकडून नातवाकडे आली आणि तिथे संपली.

अंदमान म्हटले की मराठी माणसाला काळे पाणी आठवते, कोठड्या आठवतात. पण ज्यांचे ते बेट, त्यांच्यासाठी पाणी किती काळे ठरले हे आपल्याला फारसे कोणी सांगितले नाही. १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली, तेव्हा थोर अंदमानी लोकांच्या दहा जमाती होत्या आणि त्यांच्या दहा भाषा. माणसे पाच हजारांच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. गोवर आणि उपदंश ही दुखणी त्यांनी पूर्वी पाहिलेली नव्हती. १९०१ च्या शिरगणतीत ६२५ माणसे उरली; १९६१ साली १९. ह्या उरलेल्यांतली एक बाई म्हणजे बोआ. बो नावाच्या भाषेची ती एकटी धनीण. आईबाप गेल्यावर तिच्याशी बो बोलणारे कोणीच राहिले नाही. आजूबाजूच्या माणसांशी बोलायला ती अंदमानी वळणाची हिंदी शिकली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी २००५ पासून तिच्याकडे जात आणि ती सांगेल ते टिपून घेत. ह्या भाषांचे व्याकरण माणसाच्या शरीरावर बेतलेले आहे; कोणती गोष्ट अंगाच्या कोणत्या भागाशी निगडित, त्यावरून शब्दाच्या पुढे काय जोडायचे ते ठरते. हे वाचून मी थक्क झालो. आम्ही तीन लिंगांतच दमतो. अब्बींनी लिहून ठेवले आहे, की ही बाई पाखरांशी आपल्या भाषेत बोलत असे. २६ जानेवारी २०१० रोजी वयाच्या पंच्याऐंशीच्या सुमाराला ती वारली. देशभर झेंडे फडकत होते. आमच्या पटांगणावरही मुलांनी त्या दिवशी कवायत केली. वाद्यवृंद बरा वाजला होता असे आठवते.

इथे आम्हा मास्तरांची बाजू मांडायला हवी, कारण पुष्कळ ठिकाणी भाषेच्या गळ्यावर हात आमचाच होता. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एक हेडमास्तर घरच्या बोलीत उत्तर देणाऱ्या मुलाला बाकावर उभे करीत. माणूस दुष्ट नव्हता. त्याच मुलाची फी त्यांनी एकदा खिशातून भरलेली मी पाहिली आहे. पोराचे कल्याण व्हावे हीच त्यांची इच्छा. मुलाच्या डोक्यात एक भाषा घालायची तर आधी दुसरी बाहेर काढली पाहिजे, असे त्यांना वाटे. मला हे कधीच पटले नाही. मुलाचे डोके म्हणजे काही एस.टी.ची बस नव्हे, की एक उतरल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही.

इंग्लंड आणि आयर्लंड ह्यांच्या मधल्या समुद्रात मॅन नावाचे बेट आहे. तिथली माणसे मुलांना सांगत, आपल्या मँक्स भाषेने एक पेनीदेखील मिळायची नाही. हे वाक्य मी पालकांच्या सभेत, थोड्या फरकाने, कितीदा ऐकले असेल! नेड मॅड्रेल हा तिथला म्हातारा कोळी. त्याला मँक्स आली ती एका म्हाताऱ्या नातलग बाईमुळे. तिला दुसरी भाषाच येत नव्हती. १९४८ साली आयर्लंडच्या लोककथा मंडळाने ध्वनिमुद्रणाचे यंत्र मोटारीत घालून बेटावर आणले आणि नेडसारख्या म्हाताऱ्यांचे बोलणे तबकड्यांवर उतरवले. २७ डिसेंबर १९७४ रोजी नेड गेला. पण जाण्याआधी त्याने एक काम केले. भाषा शिकू पाहणारी तरुण मंडळी त्याच्याकडे येत, त्यांना त्याने परत पाठवले नाही. तो बोले, ते चुकतमाकत उत्तर देत. त्यांच्यामागून आणखी शिकणारे आले, आणि २००१ साली बेटावर मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली.

२००९ साली युनेस्कोने जगातल्या भाषांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात मँक्ससमोर 'मृत' असा शेरा होता. तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी युनेस्कोला मँक्समध्ये पत्रे लिहिली आणि विचारले, की आमची भाषा जर मेलेली आहे, तर आम्ही हे पत्र कोणत्या भाषेत लिहितो आहोत? युनेस्कोने शेरा बदलला. 'मृत' खोडून 'अत्यंत संकटात' असे केले. ही बातमी मुलांना कळली तेव्हा वर्गात केवढा गलका झाला असेल! त्या तासाला फळ्यापाशी खडू हातात धरून जो कोणी उभा होता, त्याने "शांत बसा" म्हटले असेल का, एवढे मात्र मला जाणून घ्यायचे आहे.