चक्कर आली तर सांग

सिंगापूरमधल्या मराठी घरांत मुलगा सोळाचा झाला की बोलण्याचा विषय बदलतो. साडेसोळाव्या वर्षी नॅशनल सर्व्हिसच्या नोंदणीचं पत्र येतं. आमच्याकडे ते मागच्या महिन्यात आलं आणि माझी झोप उडाली.

1967 पासून इथल्या मुलांना अठरा झाले की सक्तीची लष्करी सेवा आहे. दोन वर्षं सैन्यात, नाहीतर पोलिसांत किंवा सिव्हिल डिफेन्समध्ये. आईवडिलांबरोबर पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाचा परवाना, मिळालेली परदेशी मुलंही यातून सुटत नाहीत. माझ्या नवऱ्याला मात्र सूट, कारण मूळ अर्जदाराला हे लागू नाही. म्हणजे अर्जावर सही आमची, वर्दी चढणार पोराच्या अंगावर. पासपोर्ट अजून भारताचाच.

बारावीच्या बरोबरीचं शिक्षण होईपर्यंत थांबतात, पुढच्या कॉलेजसाठी नाही. पुण्यातला मावसभाऊ दोन वर्षं पुढे जाईल. जाऊ दे. मला धास्ती आहे ती उष्म्याची. टेकाँग बेटावरच्या पहिल्या प्रशिक्षणाच्या शेवटी पाठीवर ओझं घेऊन 24 किलोमीटर चालायचं असतं. इथली हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग आतून तापत राहतं. 2018 मध्ये भरभर चालण्याच्या सरावानंतर एक कोवळा मुलगा उष्माघाताने गेला. आता मुलांना कोपरापर्यंत हात गार पाण्यात बुडवायला लावतात म्हणे. बरंच आहे, पण आईचं मन तेवढ्याने थाऱ्यावर येत नाही.

‘पीआर सोडून दे त्याचा,’ असं मैत्रिणी सुचवतात. सेवा न करता सोडला तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं म्हटलं की ते आड येतं. पण ते नसतं तरी मला पटलं नसतं. पहिलीपासून तो इथल्या सरकारी शाळेत शिकला. रात्री अकराला एकटा मेट्रोने घरी येतो आणि मी निर्धास्त असते. शेजारच्या मलय आणि चिनी बायकांनी आपली पोरं पाठवली, मी माझं कोणत्या तोंडाने मागे ठेवू?

खालच्या मजल्यावरच्या मलय काकूंचे दोन्ही मुलगे जाऊन आलेत. पहिल्या दिवशी पालकांनाही बेटावर नेतात, पोरांच्या खोल्या दाखवतात, जेवू घालतात. ‘तिथे रडू नकोस,’ त्यांनी मला आत्ताच बजावलंय.

तो रोज संध्याकाळी 2.4 किलोमीटर पळतो. सैन्याच्या चाचणीत तेवढंच अंतर असतं. मी एकच सांगते, चक्कर आली तर लगेच बोल, सार्जंट ओरडला तरी बोल. ‘हो गं आई,’ म्हणतो. पण अठराव्या वर्षी, सगळी पोरं चालत असताना, कोण बोलतं?