कुसळीच्या माळावर

भिलाईच्या कुरुद भागात पावसाळा सरता सरता मोकळ्या जागांवर गवताला तुरे येतात आणि लोक त्या जागांना बंजर म्हणतात. वस्ती पुढे सरकते, गवत मागे हटतं. शहराच्या कडेचं गवत राखलं तर काय होतं, ते डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून दुर्गला आझाद हिंद एक्सप्रेस पकडली, दौंडला गाडी बदलून सोलापूर गाठलं आणि बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवरच्या नान्नजला पोचले.

दुरून नुसता पिवळसर माळ दिसला. खाली बसल्यावर विष्णुक्रांताची टिकलीएवढी निळी फुलं दिसायला लागली, मग कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि बांधाच्या कडेला पिवळाधमक तरवड. सोबतच्या वनमजूर दादांनी आधीच बजावलं होतं, "ताई, मोजे नका घालू, कुसळ अडकतंय त्यात." ते कुसळ मी तळहातावर घेऊन थुंकीने ओलं केलं, तर ते हळूहळू पीळ सोडत फिरायला लागलं. पावसाने भिजलं की उलगडतं, उन्हाने सुकलं की पुन्हा पीळ घेतं. या फिरण्यातूनच टोकाचं बी जमिनीत रुतत जातं. माळाची पेरणी अशी माळच करतो.

मात्र त्याला उसंत मिळावी लागते, आणि ती इथे माणसांनी मिळवून दिली. पूर्वी हे गुरांनी खरवडलेलं रान होतं. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून गवताची राखीव कुरणं तयार झाली, चराई थांबली, मारवेल आणि पवन्या पुन्हा उभे राहिले. त्याच सुमारास सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोक पक्ष्यांकडे लक्ष वेधलं. १९७९ साली अभयारण्य झालं.

दादा एकदम थांबले. गवतातून काळविटांचा कळप निघाला. माद्यांनी एकामागून एक उंच उड्या घेतल्या, काळाकुळकुळीत नर मात्र मान ताठ ठेवून आमच्याकडे पाहत राहिला. डोक्यावर चंडोल गात होता. उघड्या मुरमावर धाविक चार पावलं पळायचा, थबकायचा, पुन्हा पळायचा. लांडगा दिसला नाही, पण वाटेवर त्याचे ठसे होते.

माळढोकही दिसला नाही. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर; अशा पक्ष्याला चारी दिशांना मोकळी नजर लागते. तरीही हिरवाईच्या हौसेपायी इथे गिरिपुष्पाची झाडं लावली गेली. माळावर झाडं लावणं म्हणजे माळ सुधारणं, ही समजूत मला फार घातक वाटते. सावलीत गवत खुरटतं आणि शिकारी पक्ष्यांना बसायला फांदी मिळते.

अभयारण्याचं क्षेत्र एकेकाळी कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात अख्खी गावं, शेतं आली आणि लोकांचा रोष ओढवला. पुढे ते १,२२२ वर आणलं. ते योग्यच झालं. पण माळढोक कुंपण ओळखत नाही, तो शेतांतूनही हिंडतो, आणि जड अंगाच्या या पक्ष्याला समोरची वीजवाहिनी वेळेवर दिसत नाही. राजस्थान-गुजरातमधल्या अशा तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला होता. नान्नजच्या आसपासच्या तारांचाही तसाच विचार व्हायला हवा, आणि तोही लवकर.