नखाएवढे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवण्याचा मला दांडगा अनुभव आहे. गिरगावातल्या चाळीतून दादरला आणि दादरहून डोंबिवलीला, अशी दोन बिऱ्हाडे मी टेम्पोत घालून सुखरूप नेली. सुखरूप म्हणजे दुसऱ्या खेपेला पाटा आला, पण वरवंटा राहिला. आमची ही त्या वेळी काही बोलली नाही. फक्त पाहिले.

२०२४ च्या दिवाळीआधी तिसरे बिऱ्हाड हलवण्याचा योग आला. हे बिऱ्हाड पंधरा मिलिमीटर लांब, अकरा मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड होते. माझ्या जुन्या फोनमधले चार जीबीचे मेमरी कार्ड! त्यात हजारभर फोटो, तीनेकशे गाणी, आणि ताईची पाच ध्वनिमुद्रणे. ताई २०१३ च्या दिवाळीत आमच्याकडे आली होती. चकल्या पाडता पाडता ती मंगळागौरीची गाणी म्हणत होती आणि मी फोन हळूच डब्यांच्या फळीवर ठेवून दिला होता. २०१८ साली ताई गेली. आता तिचा मुलगा नागपूरहून म्हणाला, "मामा, आईची ती गाणी पाठवा ना. भाऊबीजेला ऐकू."

माझ्या नव्या फोनला कार्डाची खाचच नाही. म्हणून ते नखाएवढे कार्ड एका मोठ्या खोळीत सरकवून मी ती खोळ संगणकाच्या कुशीत खुपसली. बिऱ्हाड हलवायचे तर काही मागे कशाला ठेवायचे, असा माझा हिशेब. म्हणून 'कॉपी'ऐवजी 'कट' दाबले. संगणक म्हणाला, कार्डाला कुलूप आहे. पाहतो तो खोळीच्या कडेला खरोखरच एक इवलासा खटका! तो खाली असला की कार्डावरचे वाचता येते, नक्कल करता येते, पुसता मात्र येत नाही. म्हणजे तो बिचारा माझ्याच हिताचा होता. मी तो वर सरकवला.

हिरवी पट्टी सरकू लागली. फोटो गेले. गाणी निघाली. मग पट्टी अडली. पाच मिनिटे झाली, सात झाली. कार्ड सोडवून घेण्याची सूचना आधी संगणकाला द्यावी लागते, हे मी ऐकून होतो. पण चहा निवत होता. मी कार्ड उपसले आणि पुन्हा घातले. तेव्हा संगणकाने अदबीने विचारले, "हे वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायचे का?"

इतक्या सभ्यपणे विचारल्यावर नाही कसे म्हणायचे? माझे बोट निघालेही होते. पण मागून ही म्हणाली, "थांबा. वन्संची गाणी आली का पलीकडे?"

आली नव्हती.

शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी धावत आली. "आजोबा, फॉरमॅट नाही ना केलंत?" हा तिचा पहिला प्रश्न. आधी तिने खटका खाली केला, मग मला समजावले. हे कार्ड म्हणजे एक ग्रंथालय. आपण उपटले तेव्हा फाटली ती यादी. पुस्तके बहुधा फळीवरच आहेत. मात्र त्या जागी नवे काही लिहिले, की जुने कायमचे गेले. म्हणून कार्डावर एक अक्षरही ठेवायचे नाही. जे सापडेल ते संगणकाच्या पोटात काढायचे. तिने फोटोरेक नावाची, फुकट मिळणारी युक्ती लावून दिली. नाव फोटोचे असले तरी ती आवाजही हुडकते. यादी न पाहता ती एकेक फळी चाचपत जाते.

फायली आल्या, पण नावे गळून! इंग्रजी 'एफ' आणि पुढे सात आकडे. कुठले गाणे, कुठली फोनची घंटी, काही कळेना. मग दोन रात्री आम्ही दोघे शेजारी बसून एकेक फाईल उघडत होतो. निम्मी सिनेमाची गाणी, काही नातवाची रडारड, एकात तर माझेच घोरणे निघाले. ते कोणी मुद्रित केले याचा खुलासा अजून झालेला नाही.

दुसऱ्या रात्री साडेअकराला ताई बोलली. जुना फोन आवाज एएमआर नावाच्या साच्यात साठवी. तो मुळात बोलण्यासाठी केलेला, अरुंद साचा. त्यामुळे ताई दुरून ट्रंक कॉलवर गात असावी तसे वाटले. ही डोळ्यांना पदर लावून ऐकत होती. चार गाणी पुरी निघाली. पाचवे मात्र अर्ध्यावर तुटले. पुढचा तुकडा कार्डाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात पडलेला असणार. तो जोडता आला नाही.

पाचही मी नागपूरला पाठवली. त्याआधी त्यांच्या तीन नकला करून तीन ठिकाणी ठेवल्या, 'कॉपी' दाबून. मूळ कार्ड खोळीसकट, खटका खाली करून, देवाजवळच्या डबीत आहे.

भाऊबीजेच्या रात्री भाच्याचा फोन आला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, शेवटच्यात आई 'अगं, दूध बघ' म्हणते आणि बंद पडतं. तेवढंच घेतलं होतंत का?"

"हो रे," मी म्हणालो, "दूध उतू गेलं असेल."

स्वयंपाकघराच्या दारातून हिने माझ्याकडे पाहिले. वरवंट्याच्या वेळी पाहिले होते, तसेच.