खोकं आणि मीटरचा डबा

20 मार्च, वर्धा

आज जागतिक चिमणी दिन. निमित्त साधून जुन्या खोक्याच्या फळ्या ठोकून घरटं केलं. भोक 32 मिलिमीटरचं. फार मोठं ठेवलं तर साळुंकी शिरते. बाहेर बसायला काडी लावायचा मोह आवरला, तिचा उपयोग कावळ्यालाच जास्त. वर्ध्याचं ऊन म्हणजे भट्टीच, म्हणून पूर्वेकडे, छज्ज्याच्या सावलीत टांगलं.

आजीच्या घरी असलं काही करावं लागत नसे. कवेलूंच्या फटी चिमण्यांच्याच होत्या, भाडं न देणाऱ्या. सेवाग्रामला बापूकुटीचं छप्पर पाहिलं की ते घर आठवतं. आम्ही स्लॅब टाकला, फटी बुजवल्या.

संध्याकाळी चिमणी आली. खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चोचीत काडी धरून मीटरच्या डब्यामागे शिरली.