खुबा वाजतो तेव्हा

हॉस्टेलचा जिना चढताना माझा डावा खुबा ‘टक्’ वाजतो. शाळेने फक्त ‘हिप’ शिकवलं, ‘खुबा’ हा आजीचा शब्द. आधी नुसतं वाजायचं. पण २०१२ पासून आमच्या साताऱ्यात होणाऱ्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात पळायला लागले आणि दुखायलाही लागलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं ते मेकॅनिकलवाल्यांना लगेच पटेल. मांडीच्या बाहेरून, कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत एक चिवट पट्टा जातो. पाय वाकवला की तो खुब्याजवळच्या हाडाच्या उंचवट्यावरून पुढे सरकतो, सरळ केला की मागे. पट्टा घट्ट असेल तर सरकत नाही, उडी मारतो. तोच टक्! पळणाऱ्यांना, नाचणाऱ्यांना हे जास्त होतं. काहींचा जांघेतला स्नायूबंध असाच वाजतो. नुसतं वाजत असेल, दुखत नसेल, तर काही करावं लागत नाही.

मला मात्र दुर्बिणीचं ऑपरेशनच हवं होतं. दोन-तीन छोटी भोकं, आत कॅमेरा, पट्ट्याला छेद देऊन तो सैल करायचा, संपलं! डॉक्टर हसले. म्हणाले, बहुतेकांचं विश्रांती आणि व्यायामावर भागतं. काही महिन्यांत नाहीच भागलं तर दुर्बीण. जांघेतल्या स्नायूबंधाला छेद दिला तर पाय उचलायची ताकदही काही काळ कमी होते.

त्यामुळे यंदाची मॅरेथॉन गेली. सध्या रोज संध्याकाळी गच्चीवर एका पायामागे दुसरा पाय टाकून भिंतीकडे कलते. वॉर्डनबाईंनी परवा विचारलं, “भिंत पडतेय का गं?”