पोहोच, स्मरणपत्र आणि साभार परत

दिवाळी अंक वाचकाच्या हाती वसुबारसेच्या आसपास पडतो, पण कचेरीत त्याची धांदल ज्येष्ठातच सुरू होते. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून छपाई बदलली, कागद बदलला, किमती बदलल्या. संपादकाच्या कामाचा गाभा मात्र तोच आहे. गावोगावच्या लेखकांकडून मजकूर मागवायचा, वाचायचा, निवडायचा, चित्रकाराकडे आणि छापखान्यात वेळेवर पोहोचवायचा आणि या सगळ्या फिरतीत कुणाचं एक पानही गहाळ होऊ द्यायचं नाही. ही फिरती मी आधी माणसांच्या हातांनी होताना पाहिली आणि आता सॉफ्टवेअरच्या साखळीतून होताना पाहतो आहे.

तेव्हा सगळ्याचा आधार म्हणजे आवक वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. टपाल आलं की आमचे व्यवस्थापक काका पाकिटं फोडत आणि एकेक नोंद करत: अनुक्रमांक, तारीख, लेखकाचं नाव, गाव, कथा की कविता, पानं किती, परतीचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे की नाही. हस्तलिखिताला टाचणीनं चिठ्ठी लागे आणि त्याच दिवशी लेखकाला पोहोचेचं कार्ड जाई. संपादकांचं वाचून झालं की वहीच्या शेवटच्या रकान्यात शेरा पडे: स्वीकृत, पुन्हा पाहू, साभार परत. स्वीकृत कथेची एक प्रत चित्रकाराकडे जाई, मूळ मॅटर छापखान्यात. तिथून गॅलीप्रुफं येत, मुद्रितशोधकाकडून परत जात, आणि सोळा पानांचा एकेक फर्मा छापायला लागे. कबूल केलेला लेख आला नाही तर स्मरणपत्र. पितृपक्ष उजाडला तरी आला नाही तर कुणीतरी एसटीनं थेट लेखकाच्या दारात.

या व्यवस्थेचं खरं बळ काकांच्या नजरेत होतं. नोंद करता करता ते सगळं वाचत. एखादं हस्तलिखित गठ्ठ्यात ठेवण्याऐवजी संपादकांच्या हातात देत म्हणत, "हे नाव पहिल्यांदाच आलंय, आधी हे बघा." एखाद्या ज्येष्ठ लेखिकेची पानं हाती घेऊन म्हणत, "बाईंचं अक्षर यंदा फार हललंय. तब्येत बरी नसावी, स्मरणपत्राऐवजी फोन करा." नोंदवहीत यासाठी रकाना नव्हता. पण कागद त्यांच्या हातून जाई म्हणून हे कळे.

मधली वर्षं सगळ्यात ओढाताणीची गेली. संगणक आला, ईमेल आला, पण कामाची वही कुठेच राहिली नाही. लेख कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये, चित्र पेनड्राइव्हवर, दुरुस्त्या फोनवर. एकाच कथेच्या चार फायली, आणि त्यातली शेवटची कोणती ते कुणालाच ठाऊक नाही. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची रांग. युनिकोड रुळल्यावर तो त्रास बराच ओसरला.

आता लेखक ऑनलाइन फॉर्म भरतो. फॉर्म जमा होताच शीटमध्ये ओळ पडते, ट्रेलोच्या बोर्डावर 'आलेले' या यादीत कार्ड तयार होतं, गूगल ड्राइव्हवर त्या कथेचा फोल्डर उघडतो आणि लेखकाला पोहोच जाते. संपादकांनी कार्ड 'स्वीकृत'मध्ये सरकवलं की सांगलीतल्या चित्रकाराला फोल्डरचा दुवा मिळतो, नाशिकच्या मुद्रितशोधकाच्या कॅलेंडरवर तारीख लागते आणि तारखेच्या आधी आठवणही जाते. ट्रेलो आणि झॅपिअर दोन्ही २०११ मधले. पहिलं कामाचा फळा देतं, दुसरं त्या फळ्याला इतर सेवांशी जोडतं. सूत्र सोपं आहे: अमुक घडलं की तमुक कर. काही सेवा घडलेलं लगेच कळवतात. काहींना मात्र ठरावीक वेळानं विचारावं लागतं, म्हणून एखादं कार्ड पाच-दहा मिनिटं उशिरा उगवतं.

या साखळीचीही राखण करावी लागते. कुणी पासवर्ड बदलला की परवानगी रद्द होऊ शकते आणि एखादी कडी आवाज न करता थांबते. कार्ड बदललं की शीट बदल आणि शीट बदललं की कार्ड बदल, असे दोन नियम समोरासमोर बसले तर ते एकमेकांना फिरवत राहतात. म्हणून आमच्याकडे रोज सकाळी एक जण शीटमधल्या ओळी आणि बोर्डावरची कार्डं जुळवून पाहतो.

मिळालेलं फार मोठं आहे, हे मनापासून सांगतो. पूर्वी हस्तलिखिताची बहुधा एकच प्रत असे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत घरं बुडाली, तशी घरादारांतली कागदपत्रंही गेली. आज कचेरीत पाणी शिरलं तरी कथा ड्राइव्हवर शाबूत राहील, तिच्या आधीच्या खर्ड्यांसकट. आडगावच्या नव्या लेखकाला महिनाभर पोस्टमनची वाट पाहावी लागत नाही. कोणतं काम कुणाकडे अडलंय हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे विचारण्यातली कटुता गेली.

गेलं ते एवढंच, की मजकूर आता न वाचताच पुढे सरकू शकतो. पूर्वी तशी सोय नव्हती. पोहोचवणारा आणि वाचणारा एकच होता. म्हणून साखळी बांधताना आम्ही तीन ठिकाणी ती मुद्दाम तोडली. 'आलेले' मधलं कार्ड आपोआप पुढे जात नाही. कुणीतरी मजकूर वाचून त्यावर दोन ओळी लिहिल्यावरच ते हलतं. साभार परतीचं पत्र यंत्र मसुद्यापर्यंत आणतं, कारण आणि धीराचा शब्द संपादक स्वतः लिहितात. आणि जे ज्येष्ठ लेखक आजही टपालानं हस्तलिखित पाठवतात, त्यांना आम्ही फॉर्म भरायला लावत नाही. त्यांची नोंद आमच्यातला एक जण पानं चाळत, हातानं करतो.

नव्यानं अशी जुळवाजुळव करणाऱ्या प्रत्येक संपादकाला माझं हेच सांगणं आहे. पोहोच, तारखा, फोल्डर, आठवणी हे सगळं निःशंकपणे यंत्राला द्या. त्यातून वाचलेला वेळ मात्र आणखी मजकूर मागवण्यात घालवू नका. आलेलं नीट वाचण्यात घालवा. काकांचे अर्धे दिवस नोंदींत जात आणि तरीही ते वाचत. आपले ते अर्धे दिवस आता मोकळे झाले आहेत, तेव्हा आपण त्यांच्याहून जास्त वाचायला हवं.